फळीवरचा डबा

विमाबाईंची आणि दाजीची पहिली भेट झाली ती हवेत. म्हणजे बाई जमिनीवरच होत्या, पण दाजी सातव्या मजल्याच्या उंचीवर दोरांना टांगलेल्या फळीवर बसून एका इमारतीच्या पोटाला पिवळा रंग फासत होता, आणि दोघांच्या मधल्या साऱ्या हवेत दाजीचा श्वास भरला होता. तो श्वास साधासुधा नव्हता. आत जाताना जुन्या दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरायचा आणि बाहेर येताना कुकरसारखी शिट्टी मारायचा. दाजी ज्या गल्लीत काम घेईल तिथे तीन शिट्ट्या झाल्या की आजूबाजूच्या घरांतल्या बायका उठून गॅस बंद करायच्या. त्याच्या घरासमोरच्या एका आजींनी तर त्याच्या शिट्ट्यांवरच डाळ उतरवायचा नेम धरला होता. तो आजारी पडला की त्यांची डाळ कच्ची राहायची, आणि त्या नातसुनेला बोल लावायच्या.

बाईंनी खालून हाक मारली, "अहो, खाली या!"

"कोण पाहिजे?"

"तुम्हीच!"

"मी कामावर आहे!"

"मी पण कामावरच आहे! आरोग्य विमा कार्यालयातून आले!"

वर ब्रश थांबला. मग एक शिट्टी झाली आणि उत्तर आलं, "अहो बाई, मी अजून पडलेलो नाही! पडलो की या!"

आणि या वाक्याबरोबर ब्रशाच्या टोकावरून पिवळ्या रंगाचा एक टपोरा थेंब सुटला. तो सातवा मजला उतरला, सहावा उतरला, वाटेत कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीला तो शिवलासुद्धा नाही, आणि बाईंच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर, फोटोतल्या नाकावर, नेम धरल्यासारखा येऊन बसला. दाजी पुढे सांगत फिरायचा की पन्नास वर्षांच्या आयुष्यात इतका अचूक हात त्याचा पुन्हा कधी लागला नाही.

तो घाईघाईनं खाली उतरला, दहा वेळा माफी मागितली आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या चिंधीनं ओळखपत्र पुसायला घेतलं. रंग गेला. रंगाबरोबर नाक गेलं, डोळे गेले, हनुवटी गेली. वरचा अंबाडा तेवढा शाबूत राहिला.

"छान निघाला की नाही डाग?" दाजी म्हणाला.

त्या दिवसापासून बाई नुसत्या अंबाड्याचं ओळखपत्र गळ्यात घालून फिरू लागल्या. कार्यालयात येता-जाता पहारेकरी ते रोज तपासायचा आणि "ठीक आहे" म्हणायचा.

आता दाजी हे काही त्याचं नाव नव्हे. त्याचा मेहुणा त्याच्याच टोळीत रंगकाम करायचा आणि रिवाजाप्रमाणे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणायचा. बांधकामावर एखादी हाक चार वेळा कानावर पडली की ती सगळ्यांच्या मालकीची होते. मग टोळी त्याला दाजी म्हणू लागली, ठेकेदार म्हणू लागला, रंगाचा दुकानदार म्हणू लागला, आणि ओघानंच त्याची बायको साऱ्या गावाची ताई झाली. एकाच लग्नात इतके मेहुणे पदरात पडलेला दुसरा माणूस शोधून सापडायचा नाही.

अंगानं काठीसारखा, मानेनं उंटासारखा, आणि अंगात एक शर्ट. त्या शर्टाचा मूळ रंग कोणता याबद्दल नवरा-बायकोत लग्नापासून मतभेद होते. कोपरावर बँक होती, कॉलरवर शाळा होती, पोटावर न्यायालय होतं आणि पाठीवर कुठल्याशा मंगल कार्यालयाचा गुलाबी. ज्या घरात पाऊल टाकायची त्याची ऐपत नव्हती, त्या सगळ्या घरांचा थोडा थोडा अंश तो अंगावर घेऊन हिंडायचा. बोलण्यातही हात सढळ. ज्या इमारतीला त्यानं रंग दिला, तिची किंमत दुप्पट झाली असं तो शपथेवर सांगायचा. घरमालक मात्र तशी शपथ घेत नसत.

त्याला दमा होता आणि रक्तात साखर होती. गेल्या वर्षात तीनदा त्याला उचलून सरकारी रुग्णालयात न्यावं लागलं. तिथे कोरड्या भिंतींच्या वॉर्डात, वेळेवर मोजकं जेवून, तो आठवड्यात टुणटुणीत व्हायचा, परिचारिकांना खिडक्यांच्या रंगाबद्दल फुकट सल्ला द्यायचा आणि घरी जायचा. घरी गेला की दोन महिन्यांत पुन्हा शिट्टी. बिल दरवेळी सार्वजनिक आरोग्य विमा भरायचा, कारण विमा सगळ्यांचा होता आणि दाजीचाही. शेवटी डॉक्टरीणबाई वैतागल्या आणि त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'कोरडी खोली. पथ्याचं जेवण.'

एरवी ही चिठ्ठी 'असे औषध उपलब्ध नाही' असा शेरा घेऊन परत आली असती. पण त्याच सुमाराला विमा कार्यालयाला एक शहाणपण सुचलं होतं. माणसाला पुन्हा पुन्हा खाटेवर घालण्यापेक्षा त्याच्या पोटाची आणि डोक्यावरच्या छपराची सोय लावली तर स्वस्त पडेल, असा हिशेब कुणीतरी वर मांडला आणि तो वरच्यांना पटला. बाईंचे साहेब हे सांगताना खुर्चीत अस्वस्थ व्हायचे. "बाई, इतकी वर्षं गळक्या बादलीत पाणी ओतत होतो. आता बादलीलाच बूच मारा म्हणतात. मारू. पण बूच हे औषध आहे असं माझ्या हातून लिहवत नाही हो." साहेब माणूस वाईट नव्हता. अंगावर शिंतोडा उडू नये म्हणून आयुष्यभर कोरड्या बाजूनं चालत आला होता, इतकंच.

हे बूच कुठे मारायचं ते बघायला बाईंना घरोघर पाठवलं जायचं. चाळिशीच्या, ठेंगण्या, खांद्याला स्वतःपेक्षा मोठी पिशवी. दार वाजवायची त्यांची पद्धत अशी की आतला माणूस आधी खिडकीतून पळून जाण्याचा विचार करायचा. पण एकदा आत आल्या की चहाला नाही म्हणायच्या नाहीत, आणि चहा कसा मिळतो यावरून घराची अर्धी हकीगत त्यांना कळायची.

दाजीच्या घरी चहा मिळाला तो उभ्यानं. बसायची एकुलती एक खाट भिंतीला लागून होती, आणि भिंतीला लागू नये अशीच ती भिंत होती.

खोली अर्धी जमिनीत. तीन पायऱ्या उतरून जायचं. मागच्या भिंतीपलीकडे कपडे धुण्याचा मोठा कारखाना, आणि त्याचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीत झिरपत आलेलं. या भिंतीवर दाजीनं आपली सारी कला आणि उरलेल्या डब्यांतला सारा रंग ओतला होता. दर दोन महिन्यांनी भिंतीला काळी बुरशी यायची. दर दोन महिन्यांनी दाजी ती खरवडून नवा हात मारायचा. भिंत तो हात पंधरा दिवस सहन करायची, मग फुगायची, पोपडे टाकायची आणि रात्री झोपलेल्या दाजीच्या अंगावर रुग्णालयाचा हिरवा, बँकेचा निळा आणि पोलीस चौकीचा खाकी असे पापुद्रे अलगद पांघरायची.

"सगळ्या गावाला रंगवतो म्हणे हा माणूस," ताई बाईंच्या हातात कप देत म्हणाली, "आणि घरी बघा. भिंतीला गोवर आलाय."

"गोवर नाही, नक्षी आहे," दाजी म्हणाला.

"नक्षी डाळीत पडते तेव्हा?"

"तेव्हा काढून टाकायची. तू आधी पलीकडचं पाणी बंद कर."

यावर ताई कपाळाला हात लावून हसली. ती त्याच कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती. "ऐका बाई. दिवसभर मी तिकडे चादरी पिळते. ते पाणी रात्री भिंतीतून माझ्या आधी घरी पोचलेलं असतं. कामावरून पाणी घरी आणणारी मी एकटीच असेन."

बाईंनी भिंतीवर तळहात ठेवला. तो काढला तेव्हा त्यावर चार रंग होते. त्या पिशवीतून कागद काढून लिहायला लागल्या, तेव्हा दाजीची शिट्टी पहिल्यांदाच जरा हळू झाली.

"बाई, खरंच खोली देतात?"

"देतात. भाडं कार्यालय भरतं. पण आधी तीन महिने पथ्याचा डबा खायचा. साखर खाली आली की मग खोलीचा कागद पुढे जातो. साहेबांचा नियम आहे. म्हणतात, जो माणूस डबा नीट खात नाही तो खोलीत नीट राहील कशावरून?"

"आणि नाही आली खाली?"

"मग पुढच्या माणसाचा नंबर."

दाजी खाटेच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "बाजारामागची ती नवी चाळ आहे ना, कार्यालयानं घेतलेली? तिथली तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली मी रंगवलीय. बाई, त्या भिंतीला सकाळी पहिला हात मारला ना, तो दुपारपर्यंत खडखडीत वाळला. मी हात लावून बघितला. पुन्हा लावला. असं वाळणं मी माझ्या घरात कधी पाहिलेलं नाही."

ताईनं न विचारता बाईंच्या कपात आणखी चहा ओतला.

डबा सुरू झाला. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात शिजायचा आणि दहाच्या ठोक्याला कामावर पोचायचा. उसळी, पालेभाजी, उकडलेलं अंडं, काकडी, मोजून भात. दाजी त्याची स्तुती करताना थकत नसे. रस्त्यात बाई दिसल्या की लांबून ओरडायचा, "बाई, काय तो डबा! काय ती भाजी! खाऊन माणूस उभा राहतो!" बाईंना कृतकृत्य वाटायचं. त्यांनी साहेबांना सांगूनही टाकलं की हा माणूस म्हणजे आपल्या योजनेचं बोलतं चालतं पोस्टर आहे.

महिन्यानं तपासणी झाली. साखर वाढली होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला. बाईंनी दाजीकडे बघितलं. दाजीनं छताकडे बघितलं आणि म्हणाला, "इथला पांढरा जरा पिवळट पडलाय, नाही?"

"डबा खाता ना?"

"डबा रोज संपतो, बाई. तळ दिसेपर्यंत. हिची शपथ."

"माझी कशाला?" ताई म्हणाली. "घरी मी ह्यांना साखरेच्या डब्याकडे बघूसुद्धा देत नाही. चहा गुळमट लागला की स्वतःच उठून ओतून टाकतात. घरात पथ्य आहे. घराबाहेर काय चालतं ते ह्यांनाच विचारा, नाहीतर माझ्या भावाला."

साहेबांनी कागद बघितला आणि ते जवळजवळ खूश झाले. "मी म्हणत नव्हतो? भाजीनं कुठे साखर उतरते! आता उरलेले दोन महिने बघू. नाहीच उतरली तर खोलीच्या रांगेत पुढे एक बाई आहेत गुडघेदुखीच्या."

बाई त्या दुपारी घरी जायच्या त्या बांधकामावर गेल्या. जेवणाची सुट्टी होती. तळमजल्याच्या पडवीत दोन पिंपांवर एक लांब फळी टाकलेली, रंगाच्या थरांनी इतकी जाड झालेली की मूळ लाकूड आत असावं हा केवळ विश्वासाचा भाग. फळीच्या एका बाजूला टोळीचे सहा जण ओळीनं बसले होते. दुसऱ्या बाजूला, त्यांच्याकडे पाठ करून, दाजी एकटाच उभा. त्याच्यापुढे सगळ्यांचे डबे. तो एकेक उघडत होता आणि त्यातलं थोडं थोडं झाकणांवर वाढत होता. मग ती झाकणं पाठीमागे हात करून फळीवर ठेवत होता.

बाई पायऱ्यांवरून आल्यामुळे त्याच्या समोरच्या बाजूला पोचल्या होत्या. त्यामुळे टोळीला दिसत नव्हतं ते त्यांना दिसलं. सहाव्या डब्याचं झाकण दाजीनं उघडलं. डबा रिकामा होता. धुतलेला, पुसलेला, चकचकीत आणि रिकामा. दाजीनं चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्यात चमचा घातला, चमचा खडखडवला, जणू तळाचं खरवडतोय, आणि "वा, आज मसाला झकास आहे!" असं मोठ्यानं म्हणून तो मिटून ठेवला. मग त्यानं रुग्णालयाचा डबा घेतला आणि तो अख्खाच्या अख्खा एका झाकणावर पालथा केला. ते झाकण गेलं टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे, ज्याला त्याच्या खरखरीत आवाजामुळे आणि कामामुळेही सगळे घासकागद म्हणायचे.

मग दाजीनं बाईंना बघितलं.

"बाई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही काही बघितलेलं नाही."

"मी सगळं बघितलंय."

"मग विसरा."

"दाजी! वाढा ना!" पलीकडून मेहुणा ओरडला. हा मेहुणा म्हणजे दाजीच्या बरोबर उलट. गोल, गुळगुळीत आणि हसरा. त्याच्या बायकोला नवरा उपाशी राहील अशी कायमची धास्ती असल्यामुळे ती त्याला तिघांचा डबा द्यायची, सगळा तळलेला आणि वर पाकात बुडवलेलं काहीतरी. तो खजिना आता मोकळा पडला होता. उरलं ते सगळं दाजीनं आपल्या झाकणावर घेतलं, बसला आणि बाईंच्या डोळ्यांदेखत पाकातलं काहीतरी तोंडात टाकलं.

"अहो, तुम्हाला लाज नाही वाटत?" बाई म्हणाल्या.

"वाटते की. पण फळीवर बसून आपल्याच डब्यातलं खायची त्याहून जास्त वाटते."

जेवण उरकल्यावर त्यानं त्यांना बाजूला घेतलं आणि फळीचा कायदा सांगितला. कायदा जुना होता. दाजी टोळीत आला त्याच्याही आधीचा. सगळ्यांनी डबे एका जागी द्यायचे. सगळ्यांत जुन्या माणसानं पाठ करून वाढायचं. कुणी काय आणलं, कुणी काही आणलंच नाही, हे फक्त वाढणाऱ्याला कळतं आणि त्यानं ते मरेपर्यंत बोलायचं नाही. रिकामा डबा आणणाऱ्यानंही तो धुऊन, झाकण लावून बाकीच्यांसारखाच द्यायचा, म्हणजे मान खाली जात नाही.

"आणि जे बाहेरून आलेलं असतं," दाजी म्हणाला, "ज्याच्यासाठी घरी कुणी चूल पेटवलेली नाही, ते पहिल्यांदा ज्याच्याकडे काही नाही त्याला. तुमचा डबा बाहेरचा. मी काय करणार?"

"तुम्ही त्यांना सांगू शकला असता की औषध आहे!"

"सांगितलं की. म्हटलं, औषध आहे, चाखून बघा. तर घासकागद म्हणाला, मला लागू पडतंय."

बाईंना हसू आलं आणि त्याचा रागही आला. "दाजी, या फळीपायी तुमची खोली जाईल. ती कोरडी भिंत. कळतंय का?"

दाजीची शिट्टी थांबली. तिच्या थांबण्याची बांधकामाला सवय नव्हती. पलीकडे कुणीतरी काम थांबवून मागे वळून बघितलं.

"कळतंय," तो म्हणाला. "रोज रात्री भिंत अंगावर पडते तेव्हा कळतंच. पण बाई, मी या फळीवर पहिल्यांदा बसलो तेव्हा वर्षभर माझा डबा धुतलेलाच असायचा. वाढणारा त्यात चमचा खडखडवायचा आणि म्हणायचा, वा, काय मसाला आहे! आता मी माझा डबा मांडीवर घेऊन एकटा जेवू? मग मला खोली मिळाली तरी झोप कुठली लागायची?"

बाई तिथून थेट रुग्णालयात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, आणि घासकागदाचं नाव निघाल्याबरोबर टेबलावर हात मारला. "तो म्हातारा? तो दर महिन्याला चक्कर येऊन पडायचा! ठेकेदार त्याला इथे टाकून जायचा, आम्ही सलाईन लावून परत पाठवायचो. आणि आता महिनाभर तो फिरकलेलाच नाही. मला वाटलं, गेला की काय." मग त्या खो खो हसत सुटल्या. "अहो, औषध लागू पडलंय! नुसता पेशंट चुकलाय!"

हेच वाक्य बाईंनी जसंच्या तसं साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी चष्मा काढला.

"म्हणजे एकाच्या नावचा डबा दुसऱ्यानं खाल्ला. ही अफरातफर आहे."

"साहेब, त्या दुसऱ्याचाही विमा आपलाच आहे. त्याच्या सलाईनचं बिल आपणच भरत होतो. महिनाभर ते बिल आलं नाही."

"पण ज्याचं बिल थांबायला हवं त्याचं थांबलं नाही ना?"

"मग दाजीला दाजीचा डबा, म्हाताऱ्याला म्हाताऱ्याचा डबा, आणि त्या मेहुण्याचीही साखर एकदा बघा. माझा अंदाज आहे ती दोन मजले वर असेल. तिघांचे डबे आले की वाढणाऱ्यानं कसेही वाढावेत. कुणाच्याही झाकणावर पथ्यच पडेल."

"फळीला विमा द्यायचा म्हणता?"

"फळीवर बसणाऱ्यांना आधीच दिलाय, साहेब."

साहेबांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "मला ती फळी बघायची आहे." कागदावर सही करण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहणीचा एक रकाना असतो, आणि साहेबांनी आयुष्यात रकाना मोकळा ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेब बांधकामावर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात घरचा डबा, कारण पाहणी जेवणाच्या वेळेत बसत होती. ते शिंतोड्यांपासून चार हात लांब उभे राहिले आणि आपला डबा उघडणार तोच दाजीनं तो त्यांच्या हातून अलगद काढून घेतला.

"अहो, तो माझा आहे."

"कळलं, साहेब. इथं असंच म्हणायचं असतं. बसा."

साहेब फळीवर बसले. त्यांच्या पांढऱ्या पँटला मागून कोणता रंग लागला ते त्यांना घरी गेल्यावर कळलं. दाजीनं पाठ केली, झाकणं उघडली, चमचा खडखडवला, आणि एकदा जरा जास्तच वेळ थबकून म्हणाला, "वा! आज मसाला झकास आहे!" बाईंनी समोरून बघितलं आणि तोंडावर पदर धरला. साहेबांच्या डब्यात दोन बिस्किटं होती. साहेबीणबाई माहेरी गेल्या होत्या, आणि साहेबांना चहापलीकडे काही करता येत नव्हतं. मोठ्या कार्यालयातला माणूस आठवडाभर बिस्किटांवर जगत होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

साहेबांपुढे मेहुण्याचं अर्धं झाकण आलं, घासकागदाच्या वाटणीतलं अंडं आलं, कुणाची तरी चटणी आली. साहेब जेवले. मान वर न करता जेवले. मग रुमालानं तोंड पुसून मेहुण्याला म्हणाले, "तुझी साखर तपासली कधी?"

"माझी? मी तर ठणठणीत आहे, साहेब. बघा की!"

"तेच बघतोय."

मेहुण्याची साखर खरोखरच दोन मजले वर निघाली. आता तीन डबे येऊ लागले. ताईनं भावाच्या घरी जाऊन भावजयीला तळणीची कढई आठवड्याभरासाठी मागितली आणि परत दिलीच नाही. यावरून नणंद-भावजयीत जे झालं ते सांगण्यासारखं नाही, पण कढई अखेर कारखान्यात साबण विरघळवायला गेली. मेहुणा काही दिवस असा चेहरा करून बसायचा जणू घरातलं कुणी गेलं आहे. मग त्याला शिडी चढताना धाप लागेनाशी झाली, आणि तो पथ्याच्या डब्याबद्दल दाजीहूनही मोठ्यानं बोलू लागला. फळीचा कायदा तसाच राहिला. दाजी पाठ करूनच वाढायचा, चमचा खडखडवायचा, फक्त आता खडखडवायला डबा सापडत नसे म्हणून पिंपावर वाजवायचा.

शेवटच्या तपासणीला ताई कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली. दाजी खुर्चीच्या कडेला बसला होता आणि त्याची शिट्टी पार बंद होती, ती बरं वाटल्यामुळे की भीतीनं, सांगता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कागद एकदाच बघितला, सुलटा.

"उतरली," त्या म्हणाल्या.

"किती?" बाईंनी विचारलं.

"खोलीपुरती उतरली."

 दाजीनं उठून समोरच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच धरून राहिला. ताई म्हणाली, "अहो, रुग्णालयाची आहे ती, घरची नाही. चला." पण तिनंही जाता जाता हात लावून बघितलाच.

खोली मिळाली. तीच, तिसऱ्या मजल्यावरची, कोपऱ्याची. सामान हलवायला अख्खी टोळी आली, आणि साहेबांनी पाहणीच्या रकान्यात 'भिंत कोरडी' असं लिहून प्रथमच खाली आपणहून एक शब्द जोडला, 'खडखडीत'. दाजीला पुन्हा रुग्णालयात न्यावं लागलं नाही. जुन्या घरासमोरच्या आजींनी त्याच्या शिट्ट्या मोजायचं सोडून दिलं आणि घड्याळ घेतलं. डब्याचे महिने संपले तेव्हा डबा बंद झाला, पण तोवर ताईला आणि भावजयीला तसं शिजवायची सवय लागली होती, आणि दोघी पुन्हा एकमेकींशी बोलू लागल्या होत्या, मुख्यतः तक्रारी करायला.

तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी चढत नाही. दाजी रोज सकाळी खालून दोन बादल्या भरून वर नेतो, एकही शिट्टी न वाजवता.